सौंदर्याच्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी जाण्यापूर्वी

पूर्वी आपल्या बेटावरून भारतात निघालेल्या कुटुंबाची यादी ठरलेली असे. पंढरपूर किंवा शिर्डीचे दर्शन, लग्नाचा बस्ता, पूजेची भांडी आणि जमलेच तर पूर्वजांच्या गावाचा शोध. अलीकडे या यादीत आणखी एक ओळ हळूच शिरली आहे. कोणाला नाक सरळ करून घ्यायचे असते, कोणाला पोटावरची चरबी काढून टाकायची असते, तर कोणाला विरळ झालेल्या डोक्यावर नवे केस लावून घ्यायचे असतात. त्यासाठी कोणी मुंबई-चेन्नईला जातात, कोणी दक्षिण आफ्रिकेला, आणि केसांसाठी थेट इस्तंबूल गाठणारेही आहेत. जाहिराती घरबसल्या फोनवर येतात. विमानतळावरची गाडी, हॉटेलची खोली, शस्त्रक्रिया आणि शहराचा फेरफटका हे सारे त्यांत एकाच रकमेत बसवलेले असते.

या विषयावर लिहिताना कोणाची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. वर्गात एखाद्या मुलाला त्याच्या कानांवरून किंवा नाकावरून चिडवले जाते तेव्हा त्याचा चेहरा कसा उतरतो, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. अशा मुलाच्या मनातला सल मोठेपणीही जात नाही. बाळंतपणानंतर पोटाची कातडी सैल पडलेल्या मातेचे दुःखही खरे असते. आम्ही डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणी शस्त्रक्रिया करावी आणि कोणी करू नये, हे सांगणे आमचे काम नाही. निघण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, एवढे मात्र आम्ही सांगू शकतो. त्या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. शस्त्रक्रियेचा दिवस एक असतो, पण जखम भरण्याचे दिवस पुष्कळ असतात, आणि त्यांतले बहुतेक दिवस आपल्याला इथे, मॉरिशसमध्ये, काढायचे असतात.

पुण्याजवळचे एक जुने उदाहरण

प्लास्टिक सर्जरी या नावामुळे पुष्कळांचा असा समज होतो की शरीरात प्लास्टिक घालतात. तसे नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे, आकार देणे असा आहे. आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. कापलेले नाक पुन्हा कसे घडवावे याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस या विद्येने पुण्याजवळूनच युरोपची वाट धरली.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले होते. त्यात कावसजी या नावाच्या एका मराठा शेतकऱ्याची हकिकत होती. तो १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपू सुलतानच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने अभ्यास केला, १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या पत्रातील एक तपशील फार मोलाचा आहे. कातडी बसवल्यावर ती चिकटावी म्हणून कात लावत, आपण विड्यात खातो तोच. चार दिवस त्यावर दुसरी पट्टी बांधत नसत. पुढे तुपात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवत. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, आणि कपाळाशी जोडून ठेवलेली कातडीची पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापत. म्हणजे ना भूल ना इस्पितळ अशा त्या काळीही, केलेले नाक नीट बसेपर्यंत रुग्ण कारागिराच्या नजरेखाली राहत असे. आजच्या जाहिरातीत सारे काही सात दिवसांत उरकते. विद्या कितीतरी पुढे गेली हे खरे, पण माणसाची कातडी अजूनही आपल्याच गतीने भरून येते. पी हळद आणि हो गोरी, असे तेव्हाही नव्हते आणि आताही नाही.

परतीचे विमान

सर्वांत आधी विचार करावा तो परतीच्या विमानाचा. शस्त्रक्रियेनंतर माणूस हालचाल कमी करतो, त्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. विमानात तासन्‌तास एका जागी बसल्यानेही तोच धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो मुळातच लहान असतो, परंतु ताजी जखम घेऊन बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. अशी गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतते. मुंबईहून प्लेझाँसच्या विमानतळापर्यंतचा प्रवासच सहा तासांच्या आसपास आहे, आणि इस्तंबूल त्याहून कितीतरी लांब.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्ला असा आहे की स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा नळीने चरबी काढल्यानंतर पाच ते सात दिवस, आणि चेहऱ्याच्या किंवा पोटाची कातडी ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास करू नये. काहीही बिघडले नाही तरी एवढे दिवस लागतात. म्हणून ज्या दिवशी परतायचे, त्याच्या आधी काही मोकळे दिवस हाताशी ठेवावेत, आणि तारीख बदलता येईल असेच तिकीट काढावे. नोव्हेंबर ते एप्रिल हे आपल्याकडे वादळाचे महिने असतात हेही विसरू नये. विमानतळ बंद झाला तर तिकडचा मुक्काम लांबतो, आणि हॉटेलच्या त्या जादा दिवसांचा खर्च जाहिरातीत धरलेला नसतो.

जगात काय घडले आहे

भीती घालण्यासाठी नव्हे, तर डोळे उघडे राहावेत म्हणून काही घटना सांगतो. आफ्रिकेतील नायजेरिया देशाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी स्टेला ओबासांजो या स्पेनमध्ये चरबी काढून घेण्यासाठी गेल्या होत्या. ऑक्टोबर २००५ मध्ये त्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला, आणि २००९ मध्ये तेथील न्यायालयाने डॉक्टरला निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. ज्यांच्यापाशी पैशाची वाण नव्हती आणि ज्यांना जगातील कोणतेही इस्पितळ खुले होते, त्यांच्या बाबतीत हे घडले.

अमेरिकेतून डोमिनिकन रिपब्लिक या देशात स्वस्त सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये जाहीर केले की २००९ ते २०२२ या काळात तेथे अशा शस्त्रक्रियांनंतर ९३ अमेरिकन नागरिक दगावले. ज्या मृत्यूंची बारकाईने तपासणी झाली, त्यांतील बहुतेकांचे कारण चरबीचा कण किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकणे हे होते. २०२३ मध्ये मेक्सिकोतील मातामोरोस शहरात पाठीच्या कण्यात भूल देऊन केलेल्या सौंदर्यशस्त्रक्रियांनंतर मेंदूच्या आवरणाला बुरशीची लागण झाली आणि अनेक जण दगावले. आजार उघडकीस आला तेव्हा त्यांतील पुष्कळ जण आपापल्या घरी परतलेले होते.

सर्व शस्त्रक्रियांचा धोका सारखा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. पोटाची किंवा मांड्यांची चरबी काढून ती नितंबांत भरण्याची जी पद्धत हल्ली लोकप्रिय झाली आहे, तिच्यात तीन हजारांमागे एकापर्यंत मृत्यू होत असावेत, असा अंदाज प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नेमलेल्या गटाने २०१८ मध्ये मांडला होता. त्यामुळे ब्रिटनमधील सर्जनांच्या संघटनेने त्या वर्षी आपल्या सभासदांना ती शस्त्रक्रिया थांबवण्याचा सल्ला दिला. पुढे चरबी स्नायूत न भरता केवळ कातडीखाली भरावी, असे नियम सुचवण्यात आले. तेव्हा ‘छोटीशीच गोष्ट आहे’ असे कोणी म्हणाले, तर नेमकी कोणती गोष्ट, हे विचारून घ्यावे.

सुरी कोणाच्या हाती?

इस्पितळाची इमारत चकाकते, पण शस्त्रक्रिया इमारत करत नाही. भारतात प्लास्टिक सर्जन होण्यासाठी एमबीबीएसनंतर सामान्य शस्त्रक्रियेचे शिक्षण आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. किंवा त्या तोडीचे डीएनबी शिक्षण लागते. नावापुढे ‘कॉस्मेटिक’ हा शब्द लावलेला प्रत्येक जण एवढा शिकलेला असतोच असे नाही. भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केस लावण्याच्या शस्त्रक्रियेसंबंधी जे मार्गदर्शन केले, त्यात एखादी कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफीत पाहून ही विद्या येत नाही, असे स्पष्ट बजावले आहे. आयोगाला असे सांगावे लागले, यातच सर्व आले.

म्हणून डॉक्टरांचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो त्या देशाच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहावा. भूल कोण देणार, तो भूलतज्ज्ञच आहे ना आणि शेवटपर्यंत हजर राहणार ना, हे विचारावे. रात्री काही बिघडले तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की रुग्णवाहिकेतून दुसरीकडे न्यावे लागेल? केस लावण्याच्या बाबतीत प्रत्यक्ष काम डॉक्टर करणार की सहायक? या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. उत्तर दलालाकडून येत असेल आणि डॉक्टरांशी गाठ शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीच पडणार असेल, तर तेथे पैसे भरू नयेत. सकाळी ओळख आणि दुपारी शस्त्रक्रिया, यात ‘नको’ म्हणायला माणसाला अवसरच राहत नाही. संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घ्यावे आणि आपल्याला नीट समजणाऱ्या भाषेत वाचावे.

आपले शरीर आपण ओळखावे

आपल्या बेटावर मधुमेह घरोघरी आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ पाचांत एकाला तो आढळला. साखर ताब्यात नसेल तर जखम उशिरा भरते आणि तिच्यात पू होण्याची भीती वाढते. म्हणून निघण्यापूर्वी येथेच रक्त तपासून घ्यावे. सिगारेट ओढणाऱ्याच्या कातडीला रक्ताचा पुरवठा कमी होतो आणि शिवलेला भाग काळा पडून मरू शकतो. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधीपासून धूम्रपान बंद हवे. संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि वैद्याची चूर्णेदेखील डॉक्टरांपासून लपवू नयेत.

आपल्यासारख्या सावळ्या कातडीत व्रण जाड आणि उंच होऊन वाढण्याचे प्रमाण गोऱ्या कातडीपेक्षा अधिक असते. कान टोचल्यावर किंवा लस टोचल्यावर ज्यांच्या अंगावर अशी गाठ आली असेल, त्यांनी हे आवर्जून सांगावे. कोवळ्या व्रणावर ऊन लागले तर तो काळवंडतो, आणि न भरलेल्या जखमेला समुद्राचे पाणी वर्ज्य असते. तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत शस्त्रक्रिया करून नव्या वर्षी समुद्रकिनारी जाऊ, हा बेत आधीच मोडावा. नाकाचा अंतिम आकार दिसायला वर्षही लागते. आणि चरबी काढून घेणे हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे, असे डॉक्टर स्वतःच सांगतात.

घरी परतल्यावर

आमच्या माहितीतील एका कुटुंबाची हकिकत नाव-गाव न घेता सांगतो. दोन मुलांच्या एका मातेने भारतातील एका शहरात पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि आठव्या दिवशी ती परतली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी टाके ओले दिसू लागले. तिकडे फोटो पाठवला, तर उत्तर आले, ‘असे होते, मलम लावा.’ पाचव्या दिवशी ताप चढला तेव्हा तिला इथल्या इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांनी विचारले, आतून काय शिवले आहे, कोणते प्रतिजैविक दिले होते, नळी केव्हा काढली? तिच्यापाशी होती ती फक्त पैसे भरल्याची पावती. ती बरी झाली, देवाची कृपा. पण तिची बिनपगारी रजा झाली, वयस्कर सासूला तिची आंघोळ घालावी लागली, आणि धाकटा मुलगा कित्येक आठवडे आईच्या मांडीवर बसू शकला नाही. तिचा नवरा आम्हांला म्हणाला, ‘शस्त्रक्रियेला तीन तास लागले, ड्रेसिंगला दोन महिने.’

आपल्या देशात सरकारी इस्पितळात उपचार मोफत आहेत, हे आपले मोठे भाग्य. रात्री-अपरात्री काँदोसच्या किंवा पोर्ट लुईच्या इस्पितळात गेलो तर आपल्याला कोणी परत पाठवत नाही. परंतु दुसऱ्याने शिवलेले काय आहे हे कागदावाचून तेथील डॉक्टरांनी कसे ओळखावे? म्हणून परतताना शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल, भुलेची नोंद, औषधांची यादी, आधीचे-नंतरचे फोटो आणि डॉक्टरांचा थेट फोन क्रमांक एवढे हाती घेतल्याशिवाय विमानात बसू नये. हे कागद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असावेत.

शरीरात काही बसवले असेल तर त्याच्या कंपनीचे नाव आणि क्रमांक लिहिलेले कार्ड जन्मभर सांभाळावे. फ्रान्समधील ‘पीआयपी’ कंपनीने स्तनरोपणांत औद्योगिक वापराचे सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. जगभरात सुमारे तीन लाख स्त्रियांच्या शरीरात ती गेली होती. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या वेळी ज्यांच्यापाशी कार्ड होते त्यांना आपल्या शरीरात काय आहे ते लगेच कळले, इतरांना शोधत बसावे लागले.

पैशाचा हिशेब आणि मनाचा हिशेब

इथल्यापेक्षा तिथे स्वस्त, असे म्हणताना कशाकशाची बेरीज केली ते पाहावे. सोबतच्या माणसाचे तिकीट आणि राहणे, बुडालेला पगार, परतल्यावरची औषधे आणि मनासारखे झाले नाही तर दुरुस्तीसाठी दुसरी फेरी, हे सारे धरले की पुष्कळदा नाकापेक्षा मोती जड होतो. प्रवासाचा साधा विमा हौसेने केलेल्या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम सहसा भरून देत नाही. विम्याचे बारीक अक्षर वाचावे. भारतात डॉक्टरांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्के केले आहे. पण मॉरिशसमध्ये बसून तिकडे वकील धरणे आणि तारखांना हजर राहणे किती कुटुंबांना झेपेल? भिशी उचलून किंवा कर्ज काढून जाणाऱ्यांनी तर याचा दोनदा विचार करावा.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण बाहेर धावतो, आणि फ्रान्सहून लोक केस लावायला, रूप सुधारायला आपल्या बेटावर येतात! दुरून डोंगर साजरे, दुसरे काय? तेव्हा प्रथम येथील तज्ज्ञाला भेटावे. शस्त्रक्रिया येथे केली नाही, तरी ती खरोखर लागते का आणि आपले शरीर तिला योग्य आहे का, हे तरी कळेल. परतल्यावर माझी जखम तुम्ही पाहाल का, असेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

शेवटी पालकांना एक विनंती. ‘हिचे नाक जरा नीट केले तर स्थळ चांगले येईल,’ असे वाक्य आम्ही आपल्याच समाजात ऐकले आहे, आणि तेही मुलीच्या देखत. सतरा वर्षांच्या मुलीचे शरीर अजून घडत असते, मन त्याहून अधिक. तिला ही शस्त्रक्रिया हवी आहे की आपल्याला? काही माणसांना स्वतःच्या चेहऱ्यातला अगदी क्षुल्लक दोष डोंगराएवढा दिसतो, दिवसभर आरसा सुटत नाही. हा मनाचा आजार आहे, आणि सुरीने तो बरा होत नाही. एक नाक झाले की मग हनुवटी खुपू लागते. अशा मुलाला किंवा मुलीला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, त्यात कमीपणा मानू नये.

इतका विचार करूनही ज्यांचा निश्चय कायम राहील, त्यांनी खुशाल जावे. त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत. फक्त जाण्यापूर्वी शाळेतल्यासारखी एक वही घ्यावी आणि तीन रकाने आखावेत. पहिल्यात डॉक्टरांचे नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक. दुसऱ्यात शस्त्रक्रियेपासून घरी पोहोचेपर्यंतचा एकेक दिवस. तिसऱ्यात घरी आल्यानंतरचे तीन महिने: स्वयंपाक कोण करील, मुलांना शाळेत कोण सोडील, जखम कोणता डॉक्टर पाहील आणि रात्री दोन वाजता ताप आला तर गाडी कोण काढील. जाहिरात पहिले दोन रकाने आनंदाने भरून देईल. तिसरा मात्र घरातल्या माणसांनी एकत्र बसून भरायचा आहे. तो भरेपर्यंत तिकीट काढू नये.